रिकामी सीट मोजू नका
जुन्या ट्रकच्या ड्रायव्हर सीटचं कुशन बदलताना

दहा-पंधरा वर्षं चाललेल्या ट्रकची ड्रायव्हर सीट वरून खाली उलगडत गेलात तर बहुतेक वेळा असं दिसेल: सर्वांत वर मण्यांची चटई, तिच्याखाली टॉवेल, मग चौघडी केलेली जुनी गोधडी, त्याखाली चिकटपट्ट्या मारलेलं रेग्झिन आणि तळाशी फोमचा पिवळा भुगा. सीट खचत गेली तसा एकेक थर वाढत गेला. शेवटी मालक कंटाळतो आणि गाडी कुशनवाल्याकडे लावतो. दुसऱ्या दिवशी सीट नव्या रेग्झिनमध्ये, लाल पायपिंगसकट, टम्म फुगलेली परत येते. दोन-तीन महिन्यांनी त्याच सीटवर गोधडीची घडी पुन्हा दिसायला लागते.

पैसे खर्चूनही असं होतं, कारण सीट रिकामी असताना पाहून पसंत केलेली असते. कुशनचं काम माणूस बसल्यावर सुरू होतं. ऐंशी किलोचं वजन पडल्यावर सीट किती उंच राहते, तिचा आकार कसा राहतो आणि दहा तासांनंतरही तसाच राहतो का, यावर तिची किंमत ठरते. म्हणून या कामाचा नियम एकच: मापं, फोमची निवड आणि शेवटची तपासणी, सगळं माणूस बसवून करायचं. गाडी चालवणारा माणूस हजर नसेल त्या दिवशी सीटचं काम काढूच नका.

दोष नेमका कुठे आहे?

सीट म्हणजे चार गोष्टी: लोखंडी सांगाडा, त्यावरचा तळ (झिगझॅग स्प्रिंगा किंवा प्लायवूड), फोम आणि कव्हर. डोळ्यांना दिसतं ते कव्हर, म्हणून दुरुस्ती बहुधा तिथेच सुरू होते आणि तिथेच संपते. खरा बिघाड खालच्या तीनपैकी कशात आहे ते आधी पाहा.

ड्रायव्हरला नेहमीच्या जागी बसवा आणि तुम्ही सीटखालून हात घाला. स्प्रिंगा एका बाजूला जास्त लोंबत असतील, एखादं टोक खोबणीतून निसटलं असेल किंवा प्लायवूड मधोमध वाकलं असेल, तर ते हाताला लगेच कळतं. सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून हलवा. कटकट आवाज आला तर सांगाड्याचा जोड सुटला आहे किंवा स्लायडरचे बोल्ट ढिले आहेत. मग ड्रायव्हरला उठवा आणि फोम मुठीत दाबून सोडा. चांगला फोम लगेच मूळ आकारात येतो, थकलेला हळूहळू वर येतो आणि मेलेला दबलेलाच राहतो. फोम चिमटीत चुरगळला तर ऊन, घाम आणि उष्णता यांनी तो पुरता खाल्ला आहे. त्यावर नवा थर चढवण्यात अर्थ नाही.

फार जुन्या गाड्यांत फोमऐवजी काथ्याची गादी सापडेल. नारळाच्या काथ्यावर रबराचा चीक फवारून ती बनवत. हवा खेळण्याच्या बाबतीत ती फोमपेक्षा सरस होती, पण रबर सुकलं की तिची भुकटी व्हायला लागते. काथ्या अजून एकसंध असेल तर तळाचा थर म्हणून तो वापरता येतो, भुकटी पडत असेल तर टाकून द्या.

जुन्या ट्रकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. त्या काळात बरेच अवजड ट्रक फक्त काउल आणि चासी अशा रूपात विकले जात, केबिन बॉडीबिल्डर बांधून देई. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांतही सीटची मापं जुळतील याची खात्री नसते. १९८६मध्ये आलेल्या टाटा ४०७सारख्या, कंपनीच्याच केबिनसह चालणाऱ्या गाड्यांना साच्यातलं तयार कुशन बाजारात शोधता येतं. मात्र जाताना जुन्या सीटची लांबी, रुंदी आणि भोकांमधलं अंतर लिहून न्या. वर्षागणिक बदल झालेले असतात.

डोळ्याची खूण

नवी सीट किती उंच हवी? खचलेल्या सीटचं माप घेऊन उपयोग नाही आणि मूळ सीट कशी होती हे कुणाला आठवत नसतं. त्यावर सोपा उपाय आहे.

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक लावा, इंजिन बंद. ड्रायव्हरला रोजच्या चपला-बुटांत बसवा. आता सीटवर घट्ट घडीची गोधडी किंवा चादरी एकेक करून वाढवा आणि प्रत्येक वेळी पुढच्या गोष्टी पाहा. क्लच आणि ब्रेक तळापर्यंत दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, पाय पूर्ण ताणला जाता कामा नये. टाच जमिनीवर टेकलेली असावी. मांडी स्टिअरिंगला घासू नये. सीटची पुढची कड आणि गुडघ्यामागची लवण यांच्यात दोन-तीन बोटं सहज जावीत. बंपरसमोरचा रस्ता जितका जवळून दिसेल तितकं चांगलं, पण डोकं छताला लागायला नको. खड्ड्यात गाडी आपटल्यावर माणूस वर उडतो, हा हिशोबही धरा.

हे सगळं जुळलं की ड्रायव्हरला समोर बघायला सांगा आणि त्याच्या डोळ्याच्या रेषेत दाराच्या खांबावर खडूने खूण करा. मोबाइलवर बाजूने एक फोटोही काढून ठेवा. हीच तुमच्या नव्या सीटची उंची. नवं कुशन बसल्यावर याच माणसाचा डोळा या खुणेवर, किंवा त्याहून अर्धा इंच वर आला पाहिजे. अर्धा इंच जास्त एवढ्यासाठी, की नवा फोम वापराच्या पहिल्या काही आठवड्यांत थोडा बसतोच.

गाडीवर दोन ड्रायव्हर असतील तर जास्त काळ चालवणाऱ्याच्या मापाने सीट करा. दुसऱ्याची सोय स्लायडर मागेपुढे करून होते.

सीट उतरवणं आणि सांगाडा

सीटखाली बॅटरी असेल तर आधी तिची वायर काढा, निगेटिव्ह पहिली. बॅटरीवरून पाना सरकला तर ठिणगी पडते आणि शेजारी कोरडा फोम असतो. सीटचे बोल्ट बहुधा गंजून बसलेले असतात. आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा. सकाळी पाना लावल्यावर बोल्टचं डोकं गोल व्हायला लागलं तर जोर करू नका, पुन्हा तेल सोडा.

सोडवलेले बोल्ट परत वापरण्याचा मोह टाळा. अपघातात किंवा करकचून ब्रेक लागल्यावर सीट आणि माणूस यांचा सगळा भार या चार बोल्टांवर येतो. त्याच जाडीचे, डोक्यावर ८.८ असा आकडा उठवलेले नवे बोल्ट आणि नायलॉकचे नट घ्या. सगळ्या कामात स्वस्त खर्च हाच असतो.

जुनं कव्हर ओरबाडून फाडू नका, नवं बेतायला तेच नमुना असतं. शिवण ब्लेडने उसवा, प्रत्येक तुकड्यावर खडूने नंबर घाला आणि कोणता तुकडा कुठे जोडला होता याचे फोटो घ्या. कव्हर सांगाड्याला अडकवणाऱ्या तारेच्या रिंगा पक्कडीने कापून काढा आणि त्या कुठे कुठे होत्या ते सांगाड्यावर रंगाने दाखवून ठेवा.

सांगाडा उघडा झाला की तारेच्या ब्रशने घासा. गंजाखाली तडा लपलेला असतो, विशेषतः पाइप वाकवलेल्या कोपऱ्यांवर आणि स्लायडरच्या पायाशी. वेल्डिंग लागलं तर सांगाडा गाडीबाहेर, फोम आणि कापडापासून दूर नेऊन करा. मग रेड ऑक्साइड, त्यावर रंग, आणि पूर्ण सुकू द्या. ओल्या रंगावर फोम चिकटवला तर दोन्ही वाया जातात. स्लायडरच्या खाचांतली माती काढून हलकं ग्रीस लावायचं तेही आत्ताच.

तळ झिगझॅग स्प्रिंगांचा असेल तर ताण गेलेल्या आणि तुटलेल्या स्प्रिंगा बदला. बाकीच्यांचीही टोकं तपासा. लोखंडावर लोखंड घासून सीट करकरते, म्हणून टोकांना प्लास्टिकची नळी किंवा जाड कापड हवं. आणि स्प्रिंगांवर थेट फोम कधीही ठेवू नका. मधे गोणपाटाचे दोन थर किंवा जाड नमदा घालून तो कडेच्या पाइपला दाभणाने नायलॉनच्या दोऱ्याने आवळून शिवा. हा थर नसला तर वजन पडल्यावर तारा फोममध्ये रुततात आणि कितीही भारी फोम असला तरी खालून चिरत जातात.

तळ प्लायवूडचा असेल तर १२ मिलिमीटर जाडीचं, पाण्याला टिकणारं प्लाय घ्या. आयएस ७१० हा मरीन प्लायचा शिक्का पाहून घ्या. त्याला हाताच्या पंज्याएवढ्या अंतरावर बोटभर जाडीची भोकं पाडा. रेग्झिनमधून हवा जात नाही. माणूस बसल्यावर फोममधली हवा खालून निघायला आणि उठल्यावर परत यायला वाट हवी. ही भोकं नसलेली सीट फुग्यासारखी वागते आणि सगळा ताण शिवणीवर येतो.

फोम : वजनावर घ्या, हाताच्या दाबावर नको

दुकानात फोम घेताना माणूस अंगठ्याने दाबून पाहतो. कडक लागला म्हणजे चांगला, अशी समजूत आहे. कडकपणा आणि डेन्सिटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोतलं वजन. टिकाऊपणा मुख्यतः तिच्यावर अवलंबून असतो. कमी डेन्सिटीचा फोमही रसायनांच्या प्रमाणात फेरफार करून कडक बनवता येतो. अंगठ्याला तो छान लागतो आणि ट्रकमध्ये काही महिन्यांत बसतो.

घरच्या सोफ्याला ३२ डेन्सिटी चालून जाते. दिवसाचे आठ-दहा तास हादरे खाणाऱ्या ड्रायव्हर सीटला ४०च्या खाली जाऊ नका, ५० मिळाली तर उत्तम. त्यातही एचआर (हाय रेझिलियन्स) प्रकारचा फोम मागा. तो वरवर मऊ असतो आणि जसजसा दबतो तसतसा जास्त प्रतिकार करतो. ट्रकच्या सीटला हाच गुण लागतो: सपाट रस्त्यावर आराम, खड्ड्यात मात्र तळाला न टेकणं.

दुकानदार सांगतो ती डेन्सिटी खरी का, हे काट्यावर कळतं. वीस इंच लांब, वीस इंच रुंद आणि चार इंच जाड तुकडा ४० डेन्सिटीचा असेल तर त्याचं वजन साधारण १ किलो ५० ग्रॅम भरतं. ३२चा असेल तर सुमारे ८४० ग्रॅम आणि २३चा असेल तर ६०० ग्रॅमच्या आसपास. शेजारच्या किराणा दुकानाच्या काट्यावर दोन मिनिटांत निकाल लागतो. एक सावधगिरी: वजन वाढवण्यासाठी काही फोममध्ये खडूसारखी भुकटी मिसळलेली असते. तुकडा काळ्या कापडावर जोराने चोळा. पांढरी पूड पडली तर तो माल नको.

बाजारात रिबॉन्डेड फोमही मिळतो. कापून उरलेल्या फोमचे रंगीबेरंगी तुकडे दाबून चिकटवून तो बनवतात. तो जड आणि टणक असतो. अख्खी सीट त्याची केली तर दगडावर बसल्यासारखं होतं, पण प्लायवूडवरचा सर्वांत खालचा थर म्हणून तो चांगला. मोठ्या खड्ड्यात तळ लागू देत नाही.

प्लायवूडच्या तळासाठी एक चालणारी रचना अशी: खाली एक इंच रिबॉन्डेड, मधे तीन इंच ४० किंवा ५० डेन्सिटीचा एचआर, वर अर्धा इंच मऊ फोम. एकूण साडेचार इंच. स्प्रिंगांच्या तळावर रिबॉन्डेडची गरज नाही, गोणपाट किंवा नमदा आणि त्यावर तीन ते चार इंच एचआर पुरे. दोन्ही ठिकाणी माणूस बसल्यावर एकूण जाडीचा चौथा ते तिसरा हिस्सा दबला तर फोम बरोबर. निम्म्याहून जास्त दबला तर मऊ आहे, जेमतेम दबला तर कडक.

म्हणूनच सगळे थर चिकटवण्याआधी नुसते एकावर एक रचून सीट गाडीत ठेवा आणि ड्रायव्हरला त्यावर बसवा. डोळा खुणेशी पडताळून पाहा. उंची कमी पडली तर खालच्या थरात वाढवा, वरच्या मऊ थरात नको. मऊ फोमने वाढवलेली उंची पहिल्या महिन्यातच निघून जाते. उंची जास्त झाली तर मधला थर कमी जाडीचा घ्या. ही चाचणी अर्ध्या तासाची आहे, आणि कव्हर शिवून झाल्यावर चूक कळली तर सगळं काम पुन्हा करावं लागतं.

कापणं, उतार देणं, चिकटवणं

फोम कापायला लांब पात्याचा धारदार सुरा घ्या आणि दाब न देता करवतीसारखा मागेपुढे ओढा. दाबून कापला तर कड तिरकी येते. चारही बाजूंनी पाच-सहा मिलिमीटर जास्त ठेवा, म्हणजे कव्हरमध्ये भरल्यावर कोपरे रिकामे राहत नाहीत.

पुढच्या कडेकडे लक्ष द्या. ती काटकोनात ठेवली तर मांडीखाली रुतते आणि पाय जड होतात, मुंग्या येतात. शेवटचे तीन-चार इंच खाली उतरते ठेवा, गोल करा. दोन्ही बाजूंना थोडा उठाव दिला तर वळणावर माणूस सरकत नाही. पण दाराच्या बाजूचा उठाव बेताचाच ठेवा. दिवसातून अनेकदा चढउतार करताना सगळं वजन त्याच कडेवर घासतं आणि सीट आधी तिथेच फाटते. त्या कडेला आतून जास्त डेन्सिटीची पट्टी लावावी.

चिकटवायला फोमचं सोल्यूशन दोन्ही पृष्ठभागांवर पातळ लावून पाच-दहा मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासं झालं की दाबा. ते सगळीकडे फासू नका. सुकल्यावर त्याचा कडक पापुद्रा होतो आणि नेमका बसण्याच्या जागी टोचतो. कडेने आणि मधे दोन-तीन पट्टे पुरतात. हे सोल्यूशन चटकन पेट घेतं आणि त्याची वाफ डोक्यात चढते. काम उघड्यावर करा आणि जवळपास बिडी, स्टोव्ह, वेल्डिंग काही नको.

पाठीचं कुशन करताना कमरेच्या वरच्या खोलगट भागाला आधार द्या. बेल्टच्या रेषेपासून वर सहा-सात इंच उंचीची, जेमतेम एक इंच जाड आणि कडा उतरत्या केलेली पट्टी मुख्य फोमखाली घातली की पुरे. नेमकी जागा ड्रायव्हरनेच सांगायची. पट्टी वर गेली तर ती खांद्यांना पुढे ढकलते.

कव्हर

रेग्झिन पुसायला सोपं आणि पावसात बरं, पण उन्हाळ्यात त्यावर बसणं शिक्षा असते. नव्या अवजड ट्रकांना आता एसी केबिन सक्तीची झाली आहे, जुन्या गाडीत मात्र एप्रिल-मेची विदर्भ-मराठवाड्यातली दुपार ड्रायव्हरच्या पाठीनेच सोसायची असते. मधला मार्ग असा: बसण्याचा आणि पाठ टेकण्याचा मधला भाग जाड, हवा जाऊ देणाऱ्या कापडाचा आणि कडा, बाजू व मागचा भाग रेग्झिनचा. कोकणपट्टीत चालणाऱ्या गाडीला पावसाळ्यापुरतं वरून काढता येणारं रेग्झिनचं आवरण वेगळं शिवून घ्या. सतत ओला राहिलेला फोम लवकर सुकत नाही, आणि वासही जात नाही.

शिवणकाम दोन गोष्टींवर टिकतं. दोरा सुती नको, घामाने कुजतो. नायलॉन किंवा पॉलिस्टरचा जाड दोरा घ्या. आणि टाके फार दाट नकोत. एका इंचात सहा ते आठ टाके ठीक. त्याहून दाट घातले तर सुईच्या भोकांची रांग होते आणि रेग्झिन त्याच रेषेत फाटतं. बसण्याच्या हाडांखाली आणि मांडीखाली शिवण किंवा पायपिंग येऊ देऊ नका. पायपिंग शोभेचं असतं, ते बाजूच्या कडांना लावा.

कव्हर फोमपेक्षा किंचित लहान बेततात, म्हणजे सुरकुत्या पडत नाहीत. पण हौसेने ते ढोलासारखं ताणू नका. ताणलेलं कव्हर फोमला दबूच देत नाही. निवडलेला फोम मग आत निरुपयोगी पडून राहतो आणि माणूस नुसत्या रेग्झिनवर बसतो. रिकाम्या सीटवर एखादी बारीक सुरकुती दिसली तरी चालेल, बसल्यावर कव्हर फोमबरोबर आत गेलं पाहिजे.

कव्हर चढवताना फोमवर पातळ प्लास्टिकची पिशवी घाला, कव्हर सरकन बसतं. नंतर पिशवी ओढून काढा, आत राहू देऊ नका. रिंगा जुन्या खुणांवरच लावा आणि पुढून मागे, मग मधून दोन्ही कडांकडे अशा क्रमाने आवळत जा.

बसवल्यावर

बोल्ट आधी चारही हाताने फिरवून धरा, मग आडव्या जोडीने आवळा. स्लायडर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी खटकन अडकतो का पाहा. एकच बाजू अडकली तर सीट ब्रेकखाली तिरकी होते. सीटबेल्टचं बकल नव्या कुशनच्या कडेखाली गाडलं जात नाही ना आणि पट्टा खांद्यावरून पोटाच्या खालच्या भागावर नीट येतो ना, हे तपासा. मग ड्रायव्हर बसवा, डोळा खुणेशी पाहा आणि आरसे नव्याने लावून घ्या.

क्लीनरच्या बाजूचं काम करताना आणखी दोघं बसतील म्हणून सीट लांबवण्याचा विचार असेल तर तो सोडा. किती जणांनी बसायचं ते आरसी बुकात नोंदलेलं असतं आणि नोंदीशी विसंगत बदल करायला मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ने मनाई केली आहे. फिटनेसच्या वेळी अडचण येते, अपघात झाला तर विम्याच्या वेळी.

पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा एकदा आवळा. आठवड्याने गाडी कारागिराकडे परत न्यायची असं आधीच ठरवून घ्या. कुठे बोचतं, कुठे रिकामं वाटतं हे तेव्हाच कळतं आणि रिंगा सोडून अर्ध्या इंचाची दुरुस्ती करणं तोवर सोपं असतं.

कुशनने जे सुटत नाही

पाठदुखीच्या तक्रारीवर बहुतेकांचं उत्तर असतं: फोम अजून जाड करा. इथे थोडं कंपनांचं गणित समजून घ्यावं. बसलेल्या माणसाला उभ्या दिशेने सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा होणारे हादरे सर्वाधिक बाधतात. साध्या फोमच्या सीटवर माणूस बसला की ती सेकंदाला चारेक हादऱ्यांच्या आसपास धक्के कमी करण्याऐवजी वाढवते. म्हणजे जाड, लुसलुशीत गादी खडबडीत रस्त्यावर माणसाला जास्त उडवू शकते. हादरे कमी करायचे तर आधी टायरमधली हवा, पाट्यांच्या स्प्रिंगा, शॉकअॅब्सॉर्बर आणि केबिनच्या पायाचे रबर पाहा. गाडीला सस्पेन्शनवाली सीट असेल तर ती हाताने खाली दाबून सोडा. दोनदापेक्षा जास्त झुलली तर तिचा डॅम्पर गेला आहे आणि नवं कुशन घालून त्यात फरक पडणार नाही. अशा सीटची वजन जुळवायची मूठ ड्रायव्हरच्या वजनावर लावलेली आहे का, हेही बघा. अनेकदा ती गाडी घेतल्यापासून कुणी फिरवलेलीच नसते.

उष्णतेचंही तसंच. इंजिन केबिनमध्ये शिरलेल्या गाड्यांत ड्रायव्हरची डावी मांडी भाजते आणि सीटची डावी कड आधी कडक होऊन तडकते. दोष सीटचा नसतो. इंजिनच्या झाकणाचं रबर बीडिंग झिजलेलं असतं आणि तिथून गरम हवा आणि धूर आत येतो. ते बदलल्याशिवाय नवी सीट बसवू नका, नाहीतर तीही त्याच कडेने जाईल.

कारागिराशी व्यवहार

निगडीची ट्रान्सपोर्टनगरी असो, कळंबोली असो की नागपूरजवळची वाडी, ट्रक थांबतात तिथे कुशनवाला असतोच. सगळ्या कामाचा एक आकडा विचारू नका. फोम, कव्हर, सांगाड्याची दुरुस्ती आणि मजुरी असे चार वेगळे भाव मागा. एका आकड्यात सौदा केला की घासाघीस फोमवर निघते, कारण तो झाकला जातो. जमल्यास फोम स्वतः आणून द्या, वजन करून. पैसे कमीच असतील तर कव्हर साधं घ्या, पायपिंग आणि नक्षी सोडा, क्लीनरची सीट पुढच्या खेपेला करा, पण ड्रायव्हर सीटचा फोम आणि तळ यांत काटकसर नको.

आणि गाडी सोडताना चावी दुसऱ्या कुणाबरोबर पाठवू नका. खर्च मालकाचा असतो, पसंती बहुधा मालकाची असते आणि बसणारा त्या दिवशी गावी गेलेला असतो. त्याची सुट्टी संपेपर्यंत काम थांबवा. खूण करताना, थर रचताना आणि शेवटी बिल देताना तोच सीटवर बसलेला असला पाहिजे. त्याने हरकत काढली तर हिशोब तिथेच थांबवा आणि रिंगा पुन्हा सोडायला सांगा.